एकाच संगणकावर दोन खेळाडू : कीबोर्ड आणि पॅडची बटणं इम्युलेटरमध्ये नीट कशी बसवायची?

त्रिमूर्तीनगर_दोनखेळाडू

नमस्कार मंडळी. गणपतीच्या दहा दिवसांत सोसायटीच्या मुलांसाठी जुन्या गेमचा एक कोपरा लावायचा आहे. गेम सगळे परवानगीने मोफत मिळणारे. संगणक विंडोज ११ चा, त्यावर रेट्रोआर्च आणि मेम हे दोन्ही इम्युलेटर (जुन्या गेमयंत्रांची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारे प्रोग्रॅम) टाकले आहेत. पहिला खेळाडू कीबोर्डवर, दुसरा बर्डीच्या बाजारातून आणलेल्या साध्या यूएसबी गेमपॅडवर. पॅडच्या मधोमध ॲनालॉग लिहिलेलं बटण आणि लाल दिवा आहे. चार गोष्टी अडून राहिल्या :

१. रेट्रोआर्चमध्ये उडी स्पेसवर ठेवली आहे. वर आणि डावा बाण धरून उडी मारली तर लागतच नाही. वर आणि उजवा धरला तर लागते. आणि मधेच गेम सुसाट पळायला लागतो.
२. पॅडच्या दिशा काल चालत होत्या, आज चालत नाहीत. बाकी बटणं बरोबर चालतात.
३. मेममध्ये दोन बटणं एकदम दाबली की कीबोर्ड मराठी होऊन जातो.
४. पॅडनं मेनूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी खाली जातं.

यातलं काय सेटिंगनं सुटेल आणि काय नाही, ते सांगा भाऊ.

महाल_मॅट्रिक्स

भाऊ, इम्युलेटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी एक पाहा : बटण कुठपर्यंत पोहोचून राहिलं? कीबोर्ड किंवा पॅड, मग विंडोज, मग इम्युलेटर, मग त्या एका गेमची वेगळी मांडणी, असा त्याचा प्रवास असतो. तुमच्या चारही अडचणी वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. म्हणून एकाच स्क्रीनवर बसून त्या सुटणार नाहीत. मी कीबोर्डचं सांगतो, पॅडचं कोणी तरी सांगेलच.

पहिली अडचण कीबोर्डच्या आतली आहे. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक कळ म्हणजे दोन रेघांचा छेद. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की चौथ्या कोपऱ्यावरचीही दाबल्यासारखी दिसते. ही भुताटकी टाळायला कीबोर्डमधली चिप तिसरी कळ पुढे पाठवतच नाही. तुमच्या कीबोर्डवर वर, डावा आणि स्पेस अशाच चौकोनात अडकले आहेत. विंडोजपर्यंत जे आलंच नाही, ते रेट्रोआर्च कुठून वाचणार?

तपासायला नोटपॅड पुरे. वर आणि डावा बाण धरून ठेवा आणि झेड, एक्स, ए, एस, स्पेस एकेक करून दाबा. जे अक्षर उमटलं ती कळ पोहोचते. मग वर-उजवा, खाली-डावा आणि खाली-उजवा या जोड्याही तशाच पाहा. चारही तिरक्या दिशांत जी अक्षरं उमटतील, ती गेमच्या बटणांना द्या. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांच्या रेघा बहुतेक कीबोर्डांत वेगळ्या असतात, त्यामुळे त्या सहसा अडत नाहीत. पण त्यांची वेगळी भानगड आहे, ती खाली सांगतो.

गेम सुसाट पळण्याचं कारणही स्पेसच. रेट्रोआर्चमध्ये स्पेस ही फास्ट फॉरवर्ड चालू-बंद करायची कळ आहे. तीच उडीला दिली की दोन्ही कामं एकदम होतात. अशा हुकमी कळा, म्हणजे हॉटकीज, आणखी बऱ्याच आहेत : एच म्हणजे रीसेट, पी म्हणजे पॉज, एफ म्हणजे फुल स्क्रीन, एल धरली की वेग वाढतो, के एकेक फ्रेम पुढे नेते, एफ२ सेव्ह स्टेट (चालू डाव जसाच्या तसा जतन), एफ४ लोड स्टेट (तो परत आणणं), एस्केप बाहेर. लहान मुलं खेळणार म्हटल्यावर एच उघडी ठेवणं धोक्याचं. एका चुकीच्या बोटानं पोराचा अख्खा डाव जातो, आणि ते पोर रडतं.

उपाय : सेटिंग्ज → इनपुट → हॉटकीज → हॉटकी एनेबल. तिथे उजवा कंट्रोल द्या. आता तो धरल्याशिवाय यातली एकही कळ काम करणार नाही. लक्षात ठेवा, मग मेनूची एफ१ सुद्धा एकटी चालत नाही, उजवा कंट्रोल धरूनच एफ१ दाबावी लागते. हे न कळल्यामुळे लोक रेट्रोआर्च बिघडलं समजून पुन्हा टाकतात. हॉटकी एनेबल फक्त पॅडच्या बटणाला दिलं तर कीबोर्डच्या हॉटकीज पूर्वीसारख्या मोकळ्याच राहतात. म्हणून तुमच्यासाठी ते कीबोर्डलाच द्या.

तिसरी अडचण विंडोजची. मेममध्ये पहिल्या खेळाडूची बटणं क्रमानं अशी : डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, डावी शिफ्ट, झेड, एक्स. दुसरं आणि चौथं एकदम दाबलं म्हणजे डावा ऑल्ट आणि शिफ्ट. मराठी कीबोर्ड टाकलेल्या संगणकात भाषा बदलायची तीच जोडी असते. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज, तिथे चेंज की सीक्वेन्समध्ये नॉट असाइन्ड करा. विंडोज की आणि स्पेसनं भाषा बदलता येतेच, त्यामुळे टायपिंगची अडचण होत नाही.

त्याच बैठकीत ॲक्सेसिबिलिटी → कीबोर्डमध्ये स्टिकी कीज आणि फिल्टर कीज यांचे शॉर्टकट बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीजची खिडकी उघडते. उजवी शिफ्ट ८ सेकंद धरली की फिल्टर कीजची. रेट्रोआर्चमध्ये सिलेक्ट बटण उजव्या शिफ्टवरच आहे, म्हणजे हे होणारच.

सोळाबिट_संत्रा

पॅडचं मी घेतो.

दुसरी अडचण : तो लाल दिवा काल पेटलेला होता की विझलेला? बहुधा त्यातच उत्तर आहे. अशा पॅडमध्ये दिवा विझलेला असताना अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशाबटण विंडोजला एक्स-वाय अक्ष म्हणून दिसतं. दिवा पेटला की तेच बटण पीओव्ही हॅट म्हणजे दिशांची वेगळी नोंद होतं आणि अक्ष डाव्या काडीकडे (ॲनालॉग स्टिककडे) जातात. बटणांचे क्रमांक दोन्हीकडे तेच राहतात, म्हणून बटणं चालतात आणि दिशा मरतात. एका स्थितीत बसवलेली मांडणी दुसऱ्या स्थितीत लागू होत नाही.

खात्री करायला विंडोज की आणि आर दाबा, जॉय डॉट सीपीएल टाइप करा, पॅड निवडून प्रॉपर्टीज उघडा. ॲनालॉग बटण दाबत दिशा हलवा, काय बदलतं ते डोळ्यानं दिसेल. मग दिवा पेटलेली स्थिती पक्की करा आणि तीच ठेवून रेट्रोआर्चमध्ये सेटिंग्ज → इनपुट → पोर्ट २ कंट्रोल्समध्ये (पोर्ट २ म्हणजे दुसरा खेळाडू) सेट ऑल कंट्रोल्स करा. शेवटी तिथलंच सेव्ह कंट्रोलर प्रोफाइल दाबा. त्या पॅडच्या ओळखीनं फाइल तयार होते आणि पुढच्या वेळी पॅड लावताच ती आपोआप लागते. त्या ॲनालॉग बटणावर कागदी चिकटपट्टी लावा. हे मी मनापासून सांगतो, मुलांच्या हातात ते बटण दहा मिनिटंही शांत राहत नाही.

विंडोजच्या पॅड वाचायच्या दोन पद्धती आहेत, एक्सइनपुट आणि डायरेक्टइनपुट. काही पॅडना त्याप्रमाणे दोन स्थिती असतात. लॉजिटेक एफ३१० ला मागे एक्स आणि डी असा सरकता खटका आहे, इतर काहींत मधलं बटण काही सेकंद धरावं लागतं. तुमच्यात सोय असेल तर एक्सइनपुट घ्या. त्यात बटणांची नावं आणि जागा ठरलेल्या असल्यामुळे हातानं मांडणी करायची वेळ सहसा येत नाही. मर्यादा एकच, एकावेळी चारच पॅड. रेट्रोआर्चचा पॅड वाचणारा ड्रायव्हर बदलायचा तर सेटिंग्ज → ड्रायव्हर्स → कंट्रोलर, आणि बदलल्यावर रेट्रोआर्च बंद करून पुन्हा उघडायचं.

चौथी अडचण : एका दाबात दोन हालचाली म्हणजे पॅड दोन वाटांनी आत येऊन राहिला. नेहमीचा मामला स्टीम या गेम विकत घ्यायच्या-चालवायच्या प्रोग्रॅमचा. ते मागे चालू असलं की पॅडची बटणं कीबोर्ड-माउसची म्हणूनही पाठवतं. घड्याळाजवळच्या चिन्हावरून स्टीम पूर्ण बंद करा, नुसती खिडकी मिटवून ते जात नाही. प्लेस्टेशनच्या पॅडसाठी डीएस४विंडोज हा प्रोग्रॅम वापरत असाल तर खरा पॅड आणि त्यानं बनवलेला आभासी एक्सबॉक्स पॅड असे दोन्ही दिसतात. तिथे हिडहाइड या प्रोग्रॅमनं खरा पॅड लपवावा लागतो. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या इम्युलेटरमध्येही पॅड वाचायचे एसडीएल आणि एक्सइनपुट दोन्ही स्रोत चालू केले की एकच पॅड दोनदा दिसतो. एक बंद करा.

काडी सोडल्यावरही पात्र आपोआप सरकत असेल तर ॲनालॉग डेडझोन (काडीची जेवढी हालचाल मोजली जात नाही तेवढा भाग) ०.१५ पर्यंत वाढवा.

त्रिमूर्तीनगर_दोनखेळाडू

नोटपॅडची युक्ती फारच कामाची निघाली. वर-डावा धरून स्पेस आणि एक्स उमटत नाहीत, झेड आणि ए चारही दिशांत उमटतात. उडी झेडवर आणली, लागली. स्टीम मागे चालूच होतं, बंद केल्यावर मेनू एकेक ओळ सरकतो. दिवा पेटवून मांडणी केली, दिशा आल्या. भाषेचंही झालं.

आता दोन गोष्टी. एका ८ बिटच्या गेममध्ये पॅडवरची उडी आणि गोळी अंगठ्याला अवघड जागी आहे. पोर्ट २ कंट्रोल्समध्ये बदललं तर बाकी सगळ्या गेममधलीही बदलली. आणि एका दिवशी दोघांनाही कीबोर्डवर बसवायचं झालं तर?

कळफलक_विदर्भ

पोर्ट कंट्रोल्सना हात लावू नका, मूळ मांडणी परत आणा. रेट्रोआर्चमध्ये दोन टप्पे आहेत. पोर्ट कंट्रोल्स तुमच्या खऱ्या पॅडचं बटण रेट्रोपॅड नावाच्या कल्पित पॅडला जोडतात. रीमॅप त्या रेट्रोपॅडचं बटण गेमच्या मूळ यंत्राच्या बटणाला जोडतो. पहिला टप्पा पॅडसाठी एकदाच करायचा. गेमप्रमाणे जे बदलायचं ते दुसऱ्यात.

गेम चालू असताना मेनू उघडा, क्विक मेनू → कंट्रोल्स → पोर्ट २ कंट्रोल्स. ८ बिटच्या यंत्राला दोनच बटणं, आणि ती रेट्रोपॅडच्या खालच्या बी आणि उजव्या ए वर येतात. अंगठा आडवा ठेवायचा तर डावं वाय हे यंत्राचं बी करा आणि खालचं बी हे यंत्राचं ए करा. मग मॅनेज रीमॅप फाइल्समध्ये सेव्ह गेम रीमॅप फाइल. तिथे कोअर (रेट्रोआर्चमधला एकेका यंत्राची नक्कल करणारा भाग), कंटेंट डिरेक्टरी (गेमचा फोल्डर) आणि गेम असे पर्याय दिसतात. गेमची फाइल सगळ्यांवर मात करते, मग फोल्डरची, शेवटी कोअरची. त्या यंत्राच्या सगळ्याच गेमना हवं असेल तर कोअर रीमॅप सोयीचा. सेव्ह न करता बाहेर पडलात तर बदल गेला समजा.

पॅड एक्सबॉक्स पद्धतीचा असेल तर एक ध्यानात ठेवा : त्यावर खालच्या बटणाला ए लिहिलेलं असतं, रेट्रोपॅडमध्ये खालचं बटण बी. गेमनं ए दाबा म्हटलं तर उजवं दाबायचं. मुलांना अक्षर सांगू नका, जागा सांगा.

मेममध्ये टॅब दाबा, इनपुट सेटिंग्जमध्ये दोन याद्या आहेत. जनरल म्हणजे सगळ्या गेमना, दुसरी फक्त चालू गेमला. ओळीवर एंटर, मग हवं ते बटण. त्याच ओळीवर पुन्हा एंटर करून दुसरं बटण दिलं की मधे ऑर येतं आणि दोन्ही चालतात, म्हणजे कीबोर्ड आणि पॅड एकाच खेळाडूला देता येतात. मेम हे बदल नीट बंद केल्यावरच सीएफजी फोल्डरमध्ये लिहितं. टास्क मॅनेजरमधून मारलं तर मेहनत वाया. पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी कागदावर लिहून ठेवा : नाणं ५ आणि ६, सुरुवात १ आणि २.

डेडझोनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सरसकट ०.१५ करू नका. निनटेंडो ६४ च्या कोअरला स्वतःचा डेडझोन असतो. रेट्रोआर्चचा त्यावर चढला की काडी बरीच ढकलेपर्यंत काहीच होत नाही आणि हळू चालणं जमत नाही. एकाच ठिकाणी ठेवा, ०.०५ पासून सुरू करा आणि सरकणं थांबेल तिथेच थांबा.

महाल_मॅट्रिक्स

डेडझोनचं पटलं.

दोघं कीबोर्डवर बसले तर एका कीबोर्डचं ओझं फार होतं. दोघांनीही तिरकी दिशा आणि दोन बटणं धरली की आठ कळा. साधे यूएसबी कीबोर्ड शिफ्ट-कंट्रोल सोडून एकावेळी सहाच कळवतात, आणि जाळीची अडचण त्याआधीच येते. म्हणून दुसरा स्वस्त यूएसबी कीबोर्ड लावा. रेट्रोआर्चला दोन्ही मिळून एकच कीबोर्ड दिसेल, पण जाळी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे एकाच्या कळा दुसऱ्याच्या अडवत नाहीत. दुसऱ्या खेळाडूला वेगळी अक्षरं द्या, पोर्ट २ कंट्रोल्समध्ये. मेममध्ये ती आधीच ठरलेली आहेत : दिशांना आर, एफ, डी, जी आणि बटणांना ए, एस, क्यू, डब्ल्यू. रेट्रोआर्चमध्येही तीच दिलीत तर मुलांना दोनदा शिकावं लागत नाही. फक्त ए, एस, क्यू, डब्ल्यू पहिल्या खेळाडूच्या यादीतून काढा, तिथे ती मुळातच असतात. पहिल्या खेळाडूला दोनच बटणं लागत असतील तर झेड ठेवा, आणि त्याच्या दुसऱ्या बटणासाठी नोटपॅडमध्ये उमटणारी दुसरी कळ शोधा.

दुसऱ्या खेळाडूला नमपॅड द्यायचा मोह होईल. देऊ नका. नमलॉक चालू असताना कोणीही शिफ्ट धरली की विंडोज नमपॅडच्या आकड्यांना बाण समजतं, आणि तेवढा वेळ शिफ्ट सुटल्यासारखी दाखवतं. पहिल्यानं सिलेक्ट धरलं की दुसऱ्याची दिशा पहिल्याच्या पात्राला जाऊ शकते.

मांडणी पूर्ण झाली की रेट्रोआर्चचं कॉन्फिग, रीमॅप आणि ऑटोकॉन्फिग फोल्डर आणि मेमचं सीएफजी फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. मुलांनी काही बदललं तर दोन मिनिटांत परत आणता येईल.

त्रिमूर्तीनगर_दोनखेळाडू

रीमॅप बसला, गेमची फाइल सेव्ह केली, बाकीचे गेम जसेच्या तसे आहेत. दुसरा कीबोर्ड उद्या बर्डीवर जाऊन आणतो. एकच विचारायचं राहिलं : पॅड काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तर क्रम बदलेल का?

सोळाबिट_संत्रा

पॅड एकच आहे तोवर काळजी नाही. पोर्ट २ कंट्रोल्समधल्या डिव्हाइस इंडेक्समध्ये तोच पॅड निवडलेला आहे ना, एवढं पाहा. एकसारखे दोन पॅड लावाल तेव्हा क्रम बदलू शकतो, कारण दोघांचं नाव आणि ओळख तीच. मग प्रत्येक पॅडची खाच ठरवून केबलवर १ आणि २ लिहा, आणि रेट्रोआर्च उघडण्याआधी दोन्ही लावून ठेवा.