ज्युरी ड्युटीचे पैसे किती मिळाले? (अनुभव धागा)

निशिगंध
लेक नुकतीच अठराची झाली आणि काल तिच्या नावाने कोर्टाचं समन्स हजर! तिचा पहिला प्रश्न, "आई, पैसे किती देतात गं?" त्यावरून माझी ज्युरी ड्युटी (खटला ऐकून निकाल द्यायला सामान्य नागरिकांना कोर्टात बोलावतात ती) आठवली. आम्ही कॅलिफोर्नियात. काउंटी कोर्टात पहिला दिवस फुकट, दुसऱ्या दिवसापासून रोजचे 15 डॉलर. ऑफिसने पगार चालू ठेवला म्हणून मला झळ बसली नाही, पण माझ्या शेजारी एक रंगकाम करणारा बसला होता, तासावर पैसे मिळणारा. जजने विचारलं केस लांबली तर चालेल का, तर म्हणाला, घरभाडं कोण भरणार? सोडलं त्याला. तुमच्याकडे किती मिळतात, ऑफिसने पगार दिला का, लिहा. टाळायच्या युक्त्या इथे नकोत प्लीज.

चकली
न्यू जर्सी. आमच्या वेळी पहिले तीन दिवस रोजचे 5 डॉलर 😂 चौथ्यापासून 40. चेक आल्यावर नवरा म्हणे वटवू नको, फ्रेम कर.

ह्यूस्टनकर
5 ऐकून बरं वाटलं. टेक्सासमध्ये आधी पहिल्या दिवसाचे 6 होते, सप्टेंबर 2023 पासून 20 केले, पुढच्या दिवसांचे 58. फॉर्मवर पैसे दान करायचे का असाही रकाना असतो. माझ्या पुढच्या आजींनी टिक केलं आणि मागे वळून माझ्या फॉर्मकडे बघत बसल्या, मग काय करणार, मी पण केलं.

मी_बोरिवलीचा
ग्रीन कार्ड आहे, मला पण समन्स आलंय, जायचं का??

चकली
नाही रे, सिटिझनच लागतो. फॉर्मवर तसं टिक करून परत पाठव. पण कचऱ्यात टाकू नकोस हां.

अनामिका७
मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस पगार कंपनीनेच द्यायचा, कायदाच आहे तसा. नंतर राज्य 50 देतं. बहुतेक लोक एका दिवसात सुटतात, त्यामुळे ते 50 बघायची वेळच येत नाही. माझा मॅनेजर मात्र सारखा मेसेज करत होता, कोर्टात फोन बंद, बाहेर आल्यावर बघते तर "आर यू देअर" ची रांग. नंतर म्हणतो कसा, मज्जा आहे बाबा तुझी, सुट्टी!

विलायती_वडा
इंग्लंडात फी अशी नाहीच. बुडालेला पगार देतात, तोही मर्यादेत. मला होती तेव्हा पहिले दहा दिवस रोज जास्तीत जास्त 64.95 पौंड, कंपनीकडून फॉर्म भरून घ्यायचा. जेवणाचे 5.71. लंडनमध्ये एवढ्यात सँडविच आणि वर थोडी हवा. आत काय चर्चा झाली ते सांगायची कायद्याने बंदी, नाहीतर धमाल किस्सा होता.

ह्यूस्टनकर
वडापाव तरी येतो का तिकडे एवढ्यात

विलायती_वडा
एक येतो. पाव गोड.

काका_डेट्रॉइट
फेडरल कोर्टात गेलो होतो, रोजचे 50, खटला दहा दिवसांपुढे गेला तर 60 होऊ शकतात. आणि हो, हे पैसे टॅक्समध्ये दाखवावे लागतात. काही कंपन्या पगार देतात पण ज्युरीचे पैसे आमच्याकडे भरा म्हणतात. भरले असतील तर तेवढी रक्कम रिटर्नमध्ये वजा करता येते, विसरू नका. बाकी आपल्याकडे भारतात नानावटी खून खटल्यानंतर ज्युरी लगेच बंद झाली असं लोक छातीठोक सांगतात, पण ती पूर्ण गेली 1973 च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडने.

निशिगंध
काका, टॅक्सचं माहीत नव्हतं, थँक्स! पार्किंगलाच त्याहून जास्त गेले होते ते कुठे वजा करू 😭

अनामिका७
डबा न्या सगळ्यांनी. माझा स्टीलचा काटा सिक्युरिटीने बाहेर ठेवून घेतला, पोहे हाताने खाल्ले.

चकली
कांदेपोहे?? त्या बंद खोलीत?

अनामिका७
दडपे पोहे गं. शेजारची बाई विचारत होती, हे सीरिअल आहे का.

मी_बोरिवलीचा
दडपे पोह्यांना पातळच पोहे घ्यायचे ना? इथे जाडेच मिळतात

चकली
पातळच. जाडे घेतलेस तर दात मोजत बसशील. इंडियन स्टोअरमध्ये 'थिन' लिहिलेलं पाकीट बघ.