तेरणा भीमेला मिळत नाही

तेर हे तेरणा नदीकाठचं गाव सोलापूरपासून एवढं जवळ, म्हणजे तेरणाही सोलापूरकडच्या पाण्यासारखी भीमेलाच मिळत असणार, असं कोणीतरी म्हटलंय. नाही हो. तुळजापूरचा घाट चढून बालाघाटावर आलं की पुढचं पाणी दुसरीकडे वळतं. तेरणा जाते मांजरेला, मांजरा गोदावरीला.

जुनं व्यापारी शहर तगर ते हेच तेर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथामध्ये ते पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय आणि इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं. (चादरीच्या गावात वाढलेल्याला हे वाचून उगाच बरं वाटतं.) तेरच्या त्रिविक्रम मंदिरात मात्र नुसतं दर्शन घेऊन निघू नका, मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. मागे जाऊन बघा: विटांची भिंत कोपरा न घेता अर्धगोल वळते. मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे मागून असंच अर्धगोल असणारं प्रार्थनागृह असावं, असं अभ्यासक म्हणतात ते त्यावरूनच.