झिची मिहाय: इलस्ट्रेटर म्हणून बघायला सुरुवात कुठून करू?

रेघोटी: उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला हंगेरीचा झिची मिहाय (१८२७–१९०६) घेतलाय. नेटवर बघावं तर झारच्या दरबारातले सोहळे नि शिकारी. पुस्तकांसाठीची कुठली चित्रं आधी बघू?

कोळसेवाला: दरबार एका स्लाइडवर उरक. व्हिएन्नात चित्रकार वाल्डम्युलरच्या हाताखाली शिकला, १८४७ला चित्रकलेचा शिक्षक म्हणून सेंट पीटर्सबर्गला गेला, १८५९ला दरबारी चित्रकार झाला. बास. तू थेट मदाच इम्रेच्या 'माणसाची शोकांतिका' या नाटकावरच्या वीस चित्रांवर जा, १८८०च्या दशकातली. त्यात बायबलमधला पहिला माणूस आदाम स्वप्नात अख्खा इतिहास फिरतो. इजिप्तमध्ये तो फेरो म्हणजे राजा होतो, प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लर, पॅरिसमध्ये क्रांतीतला पुढारी दांताँ. पोशाख बदलतो, वय बदलतं, तरी हा तोच माणूस हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. इलस्ट्रेटरची खरी कसोटी तिथे. नाटकाचा सारांश मात्र आधी वाच, नाहीतर नुसते हातवारे दिसतील.

पानफुटी: माझं मत जॉर्जियाला. १८८१ला तो तिकडे गेला, रुस्तावेलीच्या 'व्याघ्रचर्मधारी वीर' या महाकाव्याच्या प्रेमात पडला. गणपतीत असतात तसे त्या काव्यातले जिवंत देखावे लोकांना उभं करून बसवले, मग तीसेक चित्रं काढली आणि मानधन न घेता देऊन टाकली. १८८८च्या आवृत्तीत ती छापली गेली. तिबिलिसीत त्याचा पुतळा आहे, तो उगाच नाही!

जुनाजाणता: आणि 'संहारदेवतेचा विजय'? पॅरिसच्या १८७८च्या जागतिक प्रदर्शनासाठी काढलं, पण युद्धविरोधी आशयामुळे तिथे लावू दिलं नाही. ते कसं वगळता?

कोळसेवाला: काका, किस्सा भारी, पण ते तैलचित्र. हिचा विषय पुस्तकातली चित्रं. शिवाय चित्रात इतकी खच्चून गर्दी आहे की नजर ठरत नाही.

पानफुटी: रेघोटी, एक सांगू? वर्गात प्रोजेक्टर चालू ठेवून त्याचं नाव शोधू नकोस. कामक्रीडेची चित्रंही त्याने भरपूर काढलीत. चित्रं घरूनच डाउनलोड करून ने.

रेघोटी: बापरे, बरं झालं सांगितलंत 😄 मग मदाच मुख्य, जॉर्जिया जोडीला. दहा मिनिटांत बसेल?

कोळसेवाला: आरामात. केप्लर आणि दांताँ शेजारी-शेजारी लाव आणि आधी वर्गालाच विचार, माणूस एकच वाटतो का.