संध्याकाळी मत्स्यालयात मोबाईलने फोटो: प्रतिबिंब आणि काळे पट्टे कसे टाळायचे?

हिंजवडी_ते_पेठ:
हिंजवडीहून सुटून गावात पोचायला सात वाजतात, त्यामुळे भाचरांना मत्स्यालय दाखवायचं तर संध्याकाळीच. फ्लॅश चालत नाही, मान्य. पण त्याशिवाय फोटोत माशापेक्षा आपलंच तोंड जास्त दिसतं, आणि काही टाक्यांवर आडवे काळे पट्टे येतात. फोनमध्ये प्रो मोड आहे. काय ठेवू?

काचेपलीकडे:
वेळ उलट सोयीची आहे. दिवसा दारातून येणारा उजेड काचेवर पडतो, तो संध्याकाळी नसतो. उरतात दालनातल्या ट्यूब आणि मागच्या मंडळींचे मोबाईल. लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या आणि भोवती काळ्या कापडाची चुंबळ किंवा रबरी कप धरा. पांढरा शर्ट नको, काचेत आधी तोच दिसतो.

फोन काचेला काटकोनात हवा. तिरका धरलात की पाणी आणि जाड काच मिळून प्रकाश वाकवतात, माशाच्या कडेला रंगीत झालर येते. मग फोकस कितीही साधा, चित्र पुसटच.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ, म्हणून साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, 1/100 सेकंद ठेवा. 1/250 केलंत की पट्टे आलेच. आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) 800 पासून सुरू करा, 1600 च्या वर दाणे दिसतात. 1/100 ला भरधाव मासा हलणारच, तेव्हा तो वळताना क्षणभर थबकतो तेव्हा दाबा.

खारं_पाणी:
डिमरवरच्या (उजेड कमी-जास्त करता येणाऱ्या) दिव्यांना 1/100 कधीकधी पुरत नाही, 1/50 करून बघा. सागरी टाक्यांचे निळे दिवे ऑटो व्हाइट बॅलन्सला (रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगला) झेपत नाहीत. हाताने 8000 ते 10000 केल्व्हिन करा, तरी निळं राहिलं तर रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढून घरी सुधारा.

सह्याद्रीचे_मासे:
माशांना पापण्या नसतात, म्हणून फोकससाठी आपोआप लागणारा दिवाही बंद करा. काचेवर टकटक नकोच. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेमुळे (हालचाल टिपणाऱ्या इंद्रियामुळे) त्यांना पाण्यातला हादरा जाणवतो. भाचरांना हे आत शिरण्याआधीच सांगितलेलं बरं. टाकीचे दिवे मालवले की निऑन टेट्रा फिका पडतो, त्याचे फोटो आधी उरका. बरेच कॅटफिश मात्र अंधार पडल्यावरच खोपच्यातून बाहेर येतात.

आणि लाल-काळ्या पट्ट्याचा ‘मिस केरळ’ दिसला तर थांबा. तो पश्चिम घाटातला, संकटग्रस्त. 2013 मध्ये त्याच्या वंशाला (जीनसला) ‘सह्याद्रिया’ नाव मिळालं. त्या संशोधनात तेव्हा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत असलेले नीलेश डहाणूकरही होते.

हिंजवडी_ते_पेठ:
लेन्स इतकी जवळ नेऊन काचेवर ओरखडे नाही ना पडणार?

काचेपलीकडे:
काचेला सहसा नाही. पण मोठ्या वळणदार टाक्या बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्यावर कॅमेऱ्याच्या धातूच्या कड्याने सहज चरा पडतो. तिथे मध्ये रबर हवंच. बोटांचे ठसे पुसायला मऊ कोरडं कापड न्या. रुमालाला धूळ असेल तर त्यानेच चरे पडतील.