अनुभव धागा: नर्सिंगचं पहिलं वर्ष, हातात राहिलेलं

गोदाकाठ: भाचीची फंडामेंटल्सची प्रॅक्टिकल परवा आहे. म्हसरूळला आमच्याकडेच राहते. काल मी पोळ्या लाटत होते आणि ती मागे स्टुलावर बसून मोठ्याने उजळणी करत होती. "मावशी, श्वास मिनिटाला किती?" १२ ते २०, म्हटलं. "आणि मोजतोय हे पेशंटला सांगायचं का?"

लाटणं हातातच राहिलं. २६ वर्षांपूर्वी ट्यूटर मॅडमनी माझंच मनगट धरून हे शिकवलं होतं. पेशंटला सांगितलं तर तो जपून श्वास घेतो, आकडा चुकतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं तिथेच ठेवायची, नजर छातीवर न्यायची आणि पूर्ण मिनिट मोजायचं. आजही घरात कुणाला ताप आला की माझी बोटं आपोआप मनगटावर जातात.

तुमच्या काय लक्षात राहिलंय? लिहा, तिला वाचून दाखवते.

शेवंती७२: बेड मेकिंग!! चादरीला एक सुरकुती दिसली की आमच्या मेट्रन अख्खी चादर ओढून काढायच्या. तेव्हा मी खूप रडलेय. पुढे सासूबाई खुब्याच्या फ्रॅक्चरने तीन महिने अंथरुणावर होत्या. दर २ तासांनी कूस बदलली, रोज माकडहाड आणि टाचा बघितल्या, खाली चादर ताणलेली. एक बेडसोर होऊ दिला नाही. मेट्रन आज असत्या तर पाया पडले असते.

रातपाळी: सलाईनचं गणित पाठ करायला सांगा. ५०० मिली ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांचा एक मिली. ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेट असेल तर ६०, पाकिटावर लिहिलेलं असतं ते आधी बघायचं. आणि घड्याळ चेंबरच्या अगदी शेजारी धरायचं, म्हणजे थेंब आणि काटा एका नजरेत येतात. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

ओझरची_सई: माझी चूक सांगते, पोरींना उपयोग होईल. नवीन होते. इन्सुलिनची वायल ४० ची, म्हणजे मिलीला ४० युनिटची, आणि सिरिंज घेतली नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० ची. २० युनिट द्यायचे म्हणून २० च्या खुणेपर्यंत भरलं. सीनियर सिस्टरनी हात धरला, म्हणाल्या लेबल मोठ्याने वाच. प्रत्यक्षात ८ युनिटच जाणार होतं. मग त्यांनी विचारलं, वायल १०० ची आणि सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० ची असती तर? हिशोब केला, ५० युनिट! त्या दिवशी जेवण गेलं नाही. ४० ला लाल, हे अजून मनात म्हणते.

गोदाकाठ: सई, अंगावर काटा आला. भाचीने वहीत लिहून घेतलंय.

सिन्नरकर: मी नर्स नाही, लिहू का? वडील ॲडमिट असताना सिस्टर प्रत्येक गोळीला नाव विचारायच्या. वडील चिडायचे, "सकाळीच सांगितलं की!" शेजारच्या खाटेवरही पाटीलच होते हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

रातपाळी: @सिन्नरकर, त्यासाठीच. योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ. आणि "तुम्ही पाटील ना?" असं नाही विचारायचं, गुंगीत माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून घ्यायचं.

द्राक्षबाग: म्हसरूळला विद्यापीठाच्या बाजूला का? माझी लेक यंदा जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला लागली. पांढरे बूट कुठे घेतले? मेन रोडला बघितले, तिच्या मापाचे नाहीत.

शेवंती७२: @द्राक्षबाग, बूट अर्धा नंबर मोठे घ्या. आठ तास उभं राहून पाय सुजतात.

इगतपुरी_लोकल: थंडीत हात चोळून ऊन करा, मग पेशंटला लावा. हे कुणी शिकवलं नाही, एका आजींनी हात झटकला तेव्हा कळलं.

रातपाळी: भाचीकडे सेकंदकाट्याचं घड्याळ आहे ना? मोबाईल चालत नाही आत.

गोदाकाठ: नव्हतं. माझं ट्रेनिंगमधलं कपाटात सापडलं. आत्ताच पंचवटीत सेल टाकून आणलं, चालतंय. पट्टा तिला सैल होतोय, दाभणाने एक भोक पाडते आणि येते.