आबांसाठी दर आठवड्याचा विज्ञानगप्पांचा रेडिओ कार्यक्रम सुचवा (देवगड तालुका, रेंज जेमतेम)

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. माझे वडील, आबा, चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. काचबिंदूमुळे नजर गेल्यासारखीच आहे, वाचन सुटलं. पुस्तकांचं कपाट उघडतात, हात फिरवतात आणि बंद करतात. मी बातम्या वाचून दाखवते, पण परवा म्हणाले, "चंद्रार पाणी गावला, ता ठाऊक. पण ता कळला कसा, ता कोणीतरी नीट सांगूक होया."

तसंच काहीतरी हवंय. ठरलेल्या वारी, शास्त्रज्ञाला समोर बसवून कोणीतरी साधे प्रश्न विचारतंय, असा सार्वजनिक रेडिओवरचा कार्यक्रम. आरडाओरडा नको. इंग्रजी चालेल, पण भराभर बोललेलं त्यांना झेपत नाही. मोबाइलची रेंज पडवीच्या टोकालाच येते.

जांभा_दगड
ताई, आधी आकाशवाणी. रत्नागिरी केंद्र मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्झला. सकाळी दिवसभराच्या कार्यक्रमांची रूपरेषा सांगतात, ती आठवडाभर वहीत उतरवून काढा. मुलाखती, डॉक्टरांशी गप्पा, शेतीचे कार्यक्रम कुठल्या वारी आहेत ते कळेल. शेतीचं वगळू नका. आंब्यावरचा तुडतुडा मोहराच्या वेळीच का वाढतो, हेही विज्ञानच, आणि आबांना ते अंगणात हात लावून पडताळता येईल.

नव्वदच्या दशकात आकाशवाणीवर मानवाच्या उत्क्रांतीची १४४ भागांची मालिका झाली होती. आमच्या घरी ती वेळ आली की आजोबा जातं थांबवायला लावायचे. विज्ञान कानांनी शिकता येतं हे मी तेव्हापासून मानतो.

खाडीकाठची
रत्नागिरी लागतं, पण खरखर फार. काळोख पडला की मध्येच दुसरं स्टेशन घुसतं.

तारमास्तर
मालवणात रेडिओ दुरुस्त करण्यात उमेद गेली, म्हणून सविस्तर लिहितो. घाईने नवा रेडिओ घेऊ नका.

मध्यम लहरींसाठी रेडिओच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते. ती दिशा ओळखते. कांडीचं टोक केंद्राकडे असलं की आवाज सर्वांत कमी, कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की सर्वांत जास्त. म्हणून रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू फिरवायचा. अँटेनाची दांडी ओढून काही होत नाही, ती एफएमची. आवाज चांगला आला की टेबलावर खडूने खूण करा. आबांना दिसत नसेल तर खडूऐवजी पट्टी चिकटवा, बोटांना लागेल.

दुसरं, घरातली खरखर बहुतेक घरातूनच येते. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर. सेलवर रेडिओ लावा, मेन स्विच बंद करा आणि ऐका. खरखर गेली तर एकेक वस्तू चालू करत चोर पकडा.

तिसरं, रात्रीचं दुसरं स्टेशन हा तुमच्या रेडिओचा दोष नव्हे. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात आणि लांबची केंद्रं येऊन आदळतात. म्हणून रत्नागिरी दिवसा ऐका. समुद्राकडच्या खिडकीत तर नक्की ठेवून बघा, खाऱ्या पाण्यावरून या लहरी जमिनीपेक्षा पुष्कळ कमी दुबळ्या होतात. एफएमचं तसं नाही, डोंगर आड आला की संपलं. जवळपास वीज चमकत असली की मात्र कुठलीच युक्ती चालत नाही.

मुंबईचा_चाकरमानी
काकांना तुम्ही म्हणताय तशा गप्पा अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवरच्या 'सायन्स फ्रायडे'त मिळतील. आयरा फ्लेटो यांनी १९९१ मध्ये सुरू केला. दर शुक्रवारी, तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी दोनला. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा, हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर साडेबारा. काकांना जागवू नका, पॉडकास्ट उतरवून घ्या. बाजारात गेलात की तिथल्या रेंजवर उतरवा, मग घरी ऐकायला नेटची गरज नाही. ६४ केबीपीएसचा आवाज असेल तर तासाला साधारण २९ एमबी. वेग ०.८ ठेवा, शब्द सुटे होतात.

उच्चार जड गेले तर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा 'क्राउडसायन्स' आधी लावा. श्रोत्याने विचारलेला एकच प्रश्न घेऊन त्याच्या मागे जातात. शिक्षकाला तो जास्त जवळचा वाटेल, मला तरी वाटतो.

आणि चंद्रावरच्या पाण्याचं: चंद्रयान-१ वर एम-थ्री नावाचं उपकरण होतं. चंद्रावरून परतलेल्या सूर्यप्रकाशात ३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भाग कमी पडलेला त्याला दिसला. तो भाग पाणी आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) शोषतात. २००९ च्या सप्टेंबरात जाहीर झालं. हे वाचून दाखवा त्यांना.

नववी_अ
मी वेंगुर्ल्यात शिकवते. एक विनंती, पाच कार्यक्रम एकदम लावून देऊ नका. एकच ठरवा आणि तुम्हीही शेजारी बसा. दहा मिनिटांनी थांबवा आणि त्यांना विचारा, "आबा, हे मला समजलं नाही." समजलं असलं तरी विचारा. ज्याने आयुष्यभर शिकवलं त्याला नुसतं ऐकत बसणं जड जातं.

खाडीकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. चोर सापडला: पडवीतला एलईडी बल्ब. रेडिओ आता पश्चिमेच्या खिडकीत असतो आणि सकाळची रूपरेषा आबा स्वतः लक्षात ठेवतात. शुक्रवारी बाजारातून येताना 'क्राउडसायन्स' उतरवते, शनिवारी चहानंतर ऐकतो. शेजारचा आठवीतला मुलगाही येतो.

३ मायक्रॉनचं वाचून दाखवलं तेव्हा आबा बराच वेळ गप्प होते. मग त्या मुलाला म्हणाले, "लोलक आण कपाटातलो." दुपारी अंगणात पाटावर पांढरा कागद अंथरून त्याला रंग पाडायला लावले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काही दिसत नाही तिथे बोट ठेवायला सांगितलं.

तारमास्तर, जरा लांब फेराइटची कांडी बसवली तर फरक पडेल का?

तारमास्तर
पडेल, पण तार नव्याने जुळवावी लागते. रेडिओ घेऊन दुकानात या, आबांनाही आणा.