तीन वेळा हवा काढूनही रेस कारचे ब्रेक पेडल मऊच लागते

प्रश्न (ऐरोली, विद्यार्थी):
नमस्कार. नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आम्ही फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी एकआसनी गाडी बांधत आहोत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी स्वतंत्र मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारे) असून ते बॅलन्स बारने, म्हणजे पेडलचा जोर दोन्हींत वाटणाऱ्या दांड्याने, पेडलला जोडलेले आहेत. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचे आहे. गेल्या आठवड्यात पुढचे अपराइट (चाकाचा आधार असलेले भाग) बदलताना पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) उतरवावे लागले. ते पुन्हा बसवून चारही चाकांतून तीन वेळा हवा काढली. आता पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसत नाही, तरीही पेडल अर्ध्याहून अधिक खाली जाते. भराभर तीन-चारदा दाबले की ते वर येऊन कडक होते, पण गाडी जागची हललेली नसतानाही मिनिटभराने पुन्हा मऊ लागते. कुठेही गळती नाही. पेडल ओव्हर-ट्रॅव्हल स्विचला टेकून गाडी बंद पडते, त्यामुळे चारही चाके लॉक करण्याच्या ब्रेक चाचणीचा सरावसुद्धा करता येत नाही. मास्टर सिलिंडर नवे घ्यावेत का?

उत्तर (रबाळे):
कृपया एवढ्यात खर्च करू नका. मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले असते, तर पेडल एकसारखे दाबून धरल्यावर ते पायाखाली हळूहळू बसत गेले असते. हे तीस सेकंद दाबून पाहा. जागेवर टिकले, तर सिलिंडरवरचा संशय बराचसा दूर होईल. भराभर दाबल्यावर पेडल वर येते आणि थांबल्यावर पुन्हा मऊ होते, हे अडकलेल्या हवेचे लक्षण आहे. ऑइल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते, आणि तुमच्या पायाची हालचाल तिला दाबण्यातच संपते.

मला तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य कॅलिपर उतरवल्याचे वाटते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला, तर बोल्ट नीट लागतात, पॅडही डिस्कवर व्यवस्थित बसतात, परंतु ब्लीड निपल (हवा काढण्याचे तोंड) वरच्या टोकाऐवजी खाली जाते. मग निपलमधून कितीही स्वच्छ ऑइल आले तरी वरच्या पोकळीतली हवा तिथेच राहते, आणि नळीत बुडबुडा न दिसल्यामुळे काम पूर्ण झाल्याचा समज होतो. गाडीजवळ खाली बसून चारही निपलांची जागा डोळ्यांनी पाहा. नव्या अपराइटमुळे कॅलिपरचा कोन बदलला असेल, तर अदलाबदल न होताही हेच घडू शकते.

उत्तर (ठाणे, वागळे इस्टेट):
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त बॅलन्स बारविषयी थोडे सांगावेसे वाटते. पुढचे निपल उघडे आणि मागचे बंद असताना पेडल दाबले, तर बार तिरका होतो, मागच्या सिलिंडरचा दाब त्याला अडवतो आणि पुढच्या पिस्टनला पूर्ण मार्ग मिळत नाही. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन निपले एकाच वेळी उघडावीत. यासाठी पेडलवर एक आणि पान्यांवर दोन अशी तीन माणसे हवीत. पेडल सावकाश दाबावे, आणि निपले बंद झाल्याचे दोघांनीही मोठ्याने सांगितल्याशिवाय पाय उचलू नये, नाहीतर नळीतली हवा परत आत ओढली जाते.

पेडल आणि पिस्टन यांना जोडणारा पुशरॉडही तपासा. पेडल सोडल्यावर त्याला किंचित मोकळीक हवी, म्हणजे पिस्टन पूर्ण मागे येतो आणि टाकीकडचे छिद्र उघडते. तुमचे पेडल पंप केल्यावर वर येते, त्याअर्थी टाकीतून ऑइल येत असावे, तरीही पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पेडल तीस सेकंद टिकले. पुढचे कॅलिपर खरोखरच उलटसुलट बसले होते आणि दोन्ही निपले खाली होती. कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगळी असल्यामुळे अदलाबदल लगेच करता येत नाही. सोमवारपर्यंत दुसरा मार्ग आहे का?

उत्तर (रबाळे):
आहे. नळी न सोडता कॅलिपरचे बोल्ट काढा, पॅडमध्ये डिस्कच्याच जाडीचा लाकडी तुकडा घट्ट बसवा आणि निपल सर्वांत वर येईल असा कॅलिपर हातात धरून हवा काढा. तुकडा नसताना कोणीही पेडलला पाय लावू नये, कारण पिस्टन बाहेर येतील. हा उपाय सरावापुरताच समजा. स्पर्धेपूर्वी योग्य लांबीच्या नळ्या घेऊन कॅलिपर आपापल्या बाजूला लावाच.

नळीतून निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नका. त्यात सूक्ष्म बुडबुडे असतात, शिवाय डॉट ४ हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्यासाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत उघडा डबा महिनोन्महिने वापरणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता:
काल संध्याकाळी याच पद्धतीने, पुढची व मागची निपले एकत्र उघडून काम केले. दोन्ही पुढच्या कॅलिपरमधून सुरुवातीला मोठे बुडबुडे आले. आता पेडल पहिल्याच दाबाला वरच्या भागातच कडक लागते आणि स्विचपर्यंत जात नाही. नळ्या मागवल्या आहेत, आणि निपल वर असल्याची पाहणी आमच्या तपासणी यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे.